थेंब संपले की डोळा पुन्हा मिटतो

प्रश्न: आमच्याकडे दीड वर्षाचा व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे. नर, नाव रंग्या. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. गेल्या आठ महिन्यांत रंग्याचे डोळे चार वेळा बिघडले. पहिल्या दोन वेळा डावा, मग उजवा आणि आता जानेवारीत दोन्ही. डोळा सुजतो, दिवसाढवळ्या मिटलेला राहतो, कडेला कधीकधी पांढरट चिकटा दिसतो. दर वेळी जवळच्या व्हेटकडे नेलं, त्यांनी अँटिबायोटिक थेंब दिले, आठवड्यात डोळा उघडला आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच. हल्ली किडा धरताना त्याची जीभ दोन-तीनदा चुकते. कातही तुकड्यातुकड्याने निघते. पिंजरा जाळीचा, २ बाय २ बाय ४ फुटांचा. दुकानातल्या किटमध्ये आलेला पिळाचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) बल्ब बाजूच्या जाळीला क्लिपने लावलाय. तळाला नारळाचा भुसा. दिवसातून दोनदा हाताने फवारा मारते. खायला रातकिडे, दर खेपेला व्हिटॅमिन डी-३ असलेली कॅल्शियमची पूड लावून, आणि आठवड्यातून एकदा मल्टिव्हिटॅमिन. त्याच्या लेबलाचा फोटो जोडलाय. पुण्याहून आई फोनवर गुलाबजल घालायला सांगते. एक मैत्रीण म्हणते, कॉड लिव्हर ऑइलची गोळी फोडून थेंबभर दे. काय करू? मे महिन्यात तीन आठवडे पुण्याला जायचंय, त्याचीही धास्ती आहे.
— रंग्याची आई, एडिसन

उत्तर: गुलाबजल नको आणि गोळीही नको. कारणं पुढे येतीलच, पण आज संध्याकाळी कुणी काही घालायच्या आत एवढं सांगून ठेवू.

दुसरं तातडीचं. या खेपेला दोन्ही डोळे मिटलेत. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसत नाही. डुलकी काढतोय असं समजू नका. दोन्ही डोळे मिटलेला शॅमेलिऑन किडा पाहू शकत नाही आणि पानावरचा थेंबही पाहू शकत नाही, म्हणजे उपासमार आणि तहान दोन्ही सुरू. दिवे लागल्यावर दोन तासांनीही डोळे उघडत नसतील आणि असा दिवस गेला असेल, तर दुसऱ्या दिवशी व्हेटकडे, आणि शक्यतो सरपटणाऱ्या प्राण्यांचा सराव असलेल्याकडेच. अमेरिकेत अशा डॉक्टरांची संघटना आहे, असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स. तिच्या यादीत आपल्या भागातले डॉक्टर सापडतात. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही शॅमेलिऑनच्या डोळ्यापुढे अडतात. त्यात त्यांचा दोष नाही, तो डोळाच वेगळा आहे.

वेगळा कसा, ते आधी पाहू, कारण थेंबांनी तात्पुरतंच बरं का वाटतं याचं उत्तर त्यातच आहे. शॅमेलिऑनची वरची आणि खालची पापणी एकमेकींना जुळून एक शंकू झालेला असतो. मध्ये बाहुलीपुरतं भोक, बाकी सगळं बुबुळ झाकलेलं. हा शंकू डोळ्याबरोबर फिरतो. त्यामुळे आत काही गेलं, कातीचा पापुद्रा, भुशाची तूस, पुडीचा कण, तर ते बाहेर पडायला तेवढीच एक वाट. निरोगी प्राणी हे काम स्वतः करतो: संध्याकाळी, दिवे जायच्या सुमारास, एक डोळा फुग्यासारखा फुगवतो, आत गोल गोल फिरवतो, कधी फांदीवर घासतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. पण पाच-दहा मिनिटांत डोळा पूर्ववत झाला तर ती नुसती साफसफाई. दुपारी फुगलेला डोळा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, तर ते दुखणं.

ही साफसफाई दोन गोष्टींवर चालते. अंगात पुरेसं पाणी हवं, म्हणजे डोळा ओला राहतो. आणि आतलं अस्तर धड हवं. दोन्हीतलं एक बिघडलं की कचरा साठतो, त्यावर जंतू वाढतात, सूज येते. तुमचे डॉक्टर जंतू मारत होते. जंतू मेले, सूज उतरली, डोळा उघडला. आतला कचरा आणि तो साठण्याचं कारण मात्र जागच्या जागी राहिलं. त्यात भर म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. घट्ट, पनीरच्या चुऱ्यासारखा असतो. तो वाहून जात नाही, त्यात औषध मुरत नाही. शंकूच्या आत असा एक गोळा राहिला असेल तर वरून कितीही थेंब घाला, ते गोळ्यावरून ओघळणार.

आता तुमच्या पत्रातल्या खुणा. एकच डोळा पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर आम्ही आधी त्या डोळ्यातच कारण शोधू: अडकलेला कण, जखम, गळू, बंद झालेली अश्रुनलिका. पण बाजू बदलत असेल किंवा दोन्ही मिटत असतील, तर कारण बहुधा डोळ्याबाहेर असतं, म्हणजे खाण्यात, पाण्यात किंवा दिव्यात. रंग्याचं आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही असं झालं. पत्रावरून निदान होत नसतं, पण तुमच्या वर्णनात तीन संशयित स्पष्ट दिसतात आणि तिघेही एकमेकांना मदत करताहेत.

पहिला संशयित डब्यात आहे. तुम्ही पाठवलेल्या लेबलावर व्हिटॅमिन ए पुढे कंसात बीटा-कॅरोटीन लिहिलंय, दुसरं काही नाही. माणसाचं शरीर गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून व्हिटॅमिन ए बनवतं. शॅमेलिऑनच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याला तयार व्हिटॅमिन ए द्यावं लागतं. लेबलावर ते रेटिनिल ॲसिटेट, रेटिनिल पाल्मिटेट किंवा व्हिटॅमिन ए ॲसिटेट अशा नावाने असतं. यातलं एकही नाव नसेल, तर डब्यावर मोठ्या अक्षरांत काहीही लिहिलेलं असो, रंग्याच्या हिशेबी त्यात ए नाही.

ए कमी पडलं की डोळ्याच्या, तोंडाच्या, श्वासनलिकेच्या ओल्या अस्तराच्या पेशी कोरड्या आणि जाड होतात, कातडीसारख्या. मग अश्रुग्रंथींची तोंडं बुजतात, मेलेल्या पेशींचा चिकटा पापण्यांमागे साठतो. तुमचा पांढरट चिकटा बहुतेक तोच. कात तुकड्यांनी निघणं आणि जीभ चुकणं हेही याच चित्रात बसतं.

जिभेबद्दल जरा थांबू, कारण इथे घरबसल्या एक चांगली परीक्षा करता येते. किडा धरतानाचा व्हिडिओ फोनवर संथ गतीत काढा. जीभ पूर्ण लांब जाते, पण किड्याच्या शेजारी पडते का? मग अंतराचा अंदाज चुकतोय, म्हणजे दोष डोळ्यात. शॅमेलिऑन अंतर मोजतो ते डोळ्याचं भिंग किती आवळावं लागतं त्यावरून, आणि सुजलेल्या डोळ्याने ते नीट होत नाही. पण जीभ निम्मीच जात असेल, किड्याला लागूनही तो चिकटत नसेल, किंवा तोंडातून बाहेर येताना रेंगाळत असेल, तर दोष जिभेत: व्हिटॅमिन ए किंवा कॅल्शियम कमी. हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो.

उपाय: मल्टिव्हिटॅमिन बदला. तयार ए आणि डी-३ असलेलं घ्या आणि आठवड्याऐवजी दर पंधरा दिवसांनी एकदा द्या. बाकी खेपांना डी-३ नसलेलं साधं कॅल्शियम. सध्या तुम्ही दर खेपेला डी-३ देताय. चांगला यूव्हीबी दिवा लावल्यावर रंग्या स्वतःच्या कातडीत डी-३ बनवील, वर पुडीतून रोज दिलं तर जास्त होईल. पूड लावताना पिशवीत चिमूटभर पूड, त्यात पाच-सहा रातकिडे, दोनदा हलवायचं. किडे धुरकट दिसले की पुरे. पांढरेशुभ्र भुतासारखे दिसताहेत म्हणजे पूड जास्त झाली. तीच पुढे डोळ्यात आणि पाण्यात जाते. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. हवा आणि उजेड लागून ए नासतं, म्हणून सहा महिन्यांनी उरलेली पूड टाकून द्यायची, कितीही जिवावर आलं तरी.

आता ती गोळी. ती साधारण ६० किलोच्या माणसासाठी केलेली आहे, रंग्या असेल दीडशे ग्रॅमचा. म्हणजे वजनाच्या हिशेबाने चारशेपट फरक. त्या तेलात ए आणि डी दोन्ही असतात, दोन्ही चरबीत साठतात, लघवीतून निघून जात नाहीत. ए जास्त झालं की कातडी सोलवटते, ओले चट्टे पडतात, यकृतावर भार येतो. आणि लक्षणं पुन्हा सुजेचीच, म्हणजे आणखी गोळी द्यावीशी वाटणार. ए खरंच फार कमी असेल तर डॉक्टर वजन करून ग्रॅमच्या हिशेबाने डोस ठरवतात, तोंडाने देतात. टोचून दिलेल्या ए ने विषबाधेचा धोका जास्त, म्हणून इंजेक्शन सुचवलं तर तोंडी देता येईल का, हे जरूर विचारा.

दुसरा संशयित दिवा. पिळाच्या यूव्हीबी बल्बांची पूर्वीची काही मॉडेलं डोळ्यांना बाधणारे फार आखूड लहरींचे किरण सोडायची, त्यावरून त्यांचं नाव खराब झालं. आजचे सगळेच बल्ब तसे नाहीत. पण तुमचा बल्ब बाजूला लावलाय आणि ही चूक कुठल्याही बल्बने महागात पडते. सूर्य वरून येतो. शॅमेलिऑनच्या डोक्यावरची कड, भुवईचा कंगोरा, पापणीचा शंकू हे सगळं वरून येणाऱ्या उजेडासाठी घडलंय. बाजूने, डोळ्याच्या रेषेत आलेल्या यूव्हीला आडोसा नाही. मग वेल्डिंगकडे बघत बसल्यावर आपलं जे होतं तेच त्याचं होतं: दोन्ही डोळे लाल, सुजलेले, दिवसा मिटलेले, फारसा चिकटा नाही.

याची परीक्षा सोपी. तीन-चार दिवस यूव्हीबी बल्ब पूर्ण बंद ठेवा. ऊन खायचा दिवा आणि साधा एलईडी चालू राहू दे, नाहीतर तो गारठेल आणि निजून राहील. एवढ्या दिवसांत हाडांना काही होत नाही. डोळे उघडायला लागले तर दिव्याचा हात आहे. नाही उघडले तरी तो बल्ब परत लावू नका. त्या जागी टी-५ हाय आउटपुटची सरळ ट्यूब, ६ टक्के किंवा ५.० अशी खूण असलेली, पिंजऱ्याच्या माथ्यावर आडवी. ऊन खायच्या फांदीवर बसल्यावर रंग्याची पाठ ट्यूबपासून २० ते २३ सेंटिमीटर, म्हणजे ८ ते ९ इंचांवर यायला हवी. अंतर फांदीपासून मोजू नका, पाठीपासून मोजा. दीडशे ग्रॅमचा नर फांदीच्या वर चांगला दोन-तीन इंच उंच असतो. वरची जाळी यूव्हीचा बराच भाग अडवते, जवळपास तिसरा हिस्सा आणि जाळी बारीक असेल तर त्याहून जास्त. यूव्ही इंडेक्स मोजायचं मीटर ओळखीच्या कुणाकडे असेल तर एक दिवस मागून आणा. पाठीच्या उंचीला ३ च्या आसपास आकडा पुरेसा. ट्यूब वर्षाने बदलायची. ती पेटत राहते, पण यूव्ही कमी झालेला असतो आणि हे डोळ्याला दिसत नाही.

ऊन खायचा दिवाही वरूनच. फांदीवर ८५ फॅरेनहाइट, म्हणजे २९ अंश सेल्सिअस. त्याहून फार वाढू देऊ नका.

तिसरा संशयित तुमची हिवाळ्यातली हीटिंग. जानेवारीत न्यू जर्सीच्या घरात आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. आपले ओठ फुटतात, तिथे जाळीच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याचं काय होत असेल? चार दुखण्यांपैकी दोन्ही डोळ्यांचं दुखणं नेमकं जानेवारीत आलं, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. हाताने दोनदा मारलेला फवारा पानांवर दिसतो तेवढाच, डोळ्यापर्यंत तो पोचत नाही. शॅमेलिऑन डोळे धुतो ते लांब, बारीक पावसात. पाऊस सुरू झाल्यावर पहिले एक-दोन मिनिटं तो वैतागून तोंड फिरवतो, मग डोळे फुगवतो आणि पाणी आत घेऊन फिरवायला लागतो. आपण नेमका तेव्हा फवारा थांबवतो.

म्हणून टायमरवर चालणारा मिस्टर, म्हणजे आपोआप बारीक फवारा मारणारं यंत्र, घ्या. या सगळ्या यादीत खर्च करायचा तर दिव्यानंतर लगेच आम्ही हाच सांगू. पहाटे दिवे लागायच्या आधी ३ मिनिटं, रात्री दिवे गेल्यावर ३ मिनिटं. नळाचं पाणी जड असेल तर आर.ओ. किंवा डिस्टिल्ड पाणी घाला. नाहीतर नळीची तोंडं बुजतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात. दुपारी ड्रिपरमधून अर्धा तास थेंब थेंब पाणी, एखाद्या रुंद पानावर पडेल असं. पिंजऱ्याच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिक लावा, शॉवर-कर्टनचं चालतं. माथा आणि समोरची बाजू उघडी ठेवा. दिवसा आर्द्रता ३० ते ५० टक्के पुरते, रात्री ८० च्या वर गेली तर उत्तमच, फक्त तेव्हा गारवा हवा. उबदार आणि सतत ओलं ठेवलं तर छातीचं दुखणं ओढवून घ्याल. पाणी पुरतंय का याची रोजची खूण विष्ठेतला पांढरा भाग: पांढराशुभ्र असेल तर ठीक, पूर्ण पिवळा-केशरी झाला तर कोरड पडलीय.

नारळाचा भुसा काढून टाका, आजच. सुकला की त्याची तूस उडते, डोळ्यात जाते, जिभेला चिकटते. तळाला साधा कागद, रोज बदलता येतो. आणि रात्री पिंजऱ्यात एकही रातकिडा मोकळा ठेवू नका. भुकेले रातकिडे झोपलेल्या शॅमेलिऑनच्या पापण्या कुरतडतात. एका खोल, उजळ रंगाच्या वाटीत घालून द्या, संध्याकाळी उरलेले काढून घ्या. आकार रंग्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. दीड वर्षाच्या नराला एक दिवसाआड तीन ते पाच पुरे. त्या आधी दिवसभर रातकिड्यांना गाजर, भोपळा, मोहरीची पालेभाजी खाऊ घाला; त्याने ए ची उणीव भरणार नाही, पण किडा रिकाम्यापोटी देऊ नये.

आता सध्याच्या दुखण्याचं. डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरी करण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे शॉवर. न्हाणीघरात कुंडीतलं मजबूत झाड ठेवा, फायकस नको, त्याचा चीक डोळ्यांना झोंबतो. जास्वंद किंवा शेफ्लेरा चालेल, तेही पानं धुऊन. शॉवर समोरच्या भिंतीवर सोडा, पाणी कोमट, हाताला जेमतेम उबदार. भिंतीवर आपटून उडणारं तुषार झाडावर येतील असं पाहा. धार थेट अंगावर नको. रंग्याला झाडावर चढू द्या आणि २० ते ३० मिनिटं तिथेच बसा, फोन बाजूला ठेवून. तो काळवंडला, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला तर लगेच बंद.

दुसरी म्हणजे सलाईन. औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाईन एकदा वापरायच्या छोट्या कुपीत मिळतं. काँटॅक्ट लेन्सचं पाणी नव्हे. त्यात इतर रसायनं असतात. कुपी मुठीत धरून दोन मिनिटं ऊब द्या. रंग्याला मुठीत आवळू नका, फांदीवर किंवा तुमच्या हातावर त्याच्या मर्जीने बसू द्या. कुपीचं टोक डोळ्याला न लावता वरून एक थेंब शंकूवर सोडा. तो चिडेल, डोळा गरगर फिरवेल, तेच तर हवंय. अर्ध्या मिनिटाने दुसरा थेंब, मग तिसरा. दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त तीन दिवस. सिरिंजने जोराची धार मारू नका. पापणीच्या भोकात पांढरा गोळा दिसला तरी कापसाने किंवा चिमट्याने काढू नका. खाली बुबुळावर जखम असू शकते. पाणी पाजायचं तर ओठाच्या कडेवर थेंब टेकवा, तो स्वतः चाटेल. जबडा उघडून सिरिंज सारू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, आणि कॅल्शियम कमी असलेल्या प्राण्याचा जबडा बोटांच्या दाबानेही मोडतो.

गुलाबजलाचं उत्तर इथेच येतं. ते निर्जंतुक नसतं, त्यात सुगंधी द्रव्यं असतात, आणि आपल्या डोळ्याला जी नुसती चुणचुण वाटते ती बंद शंकूच्या आत तासभर साठून राहते. मध, तूप, दूध, त्रिफळ्याचं पाणी यांनाही हेच लागू. आईंना सांगा, प्रेम कळलं, पण बाटली कपाटात.

याहून धोकादायक चीज म्हणजे घरात पडून असलेले माणसांचे थेंब. त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड. सूज झरझर उतरते, दोन दिवस सगळे खूश. पण बुबुळावर ओरखडा असेल तर तो भरत नाही, खोल जातो आणि डोळा फुटण्यापर्यंत वेळ येते. लाली घालवणारे थेंबही नकोत. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इथे जरा जास्त कान द्यावा, कारण तिकडे असे थेंब दुकानात सहज हातात पडतात.

डॉक्टरांकडे जाताना पिंजऱ्याचे दोन फोटो, दिव्याच्या बल्बाचं आणि पुडीच्या डब्याचं लेबल, मागच्या चारही वेळच्या औषधांची नावं आणि तारखा न्या. या वेळी नुसते थेंब घेऊन परत येऊ नका. बुबुळाला केशरी-हिरव्या फ्लुओरेसिन रंगाने तपासायला सांगा; निळ्या उजेडात जखम हिरवी चमकते. गरज पडल्यास भूल देऊन, बारीक नळीने पापणीच्या आतून सलाईनने धुऊन काढता येतं. आतला घट्ट गोळा असाच निघतो. निघालेल्या चिकट्याची कल्चर तपासणी करून घ्या. पाचव्यांदा अंदाजाने अँटिबायोटिक देण्यापेक्षा कुठला जंतू आणि त्याला काय लागू पडतं हे कळलेलं बरं. आणि तोंड उघडून पाहायला सांगाच. डोळ्याचं पाणी ज्या नळीने जातं ती टाळूला उघडते. तोंडात संसर्ग असेल किंवा जबड्याच्या कोपऱ्यात गाठ असेल, तर डोळा फक्त तिथलं दुखणं दाखवत असतो. थेंब दिलेच तर सांगितलेले सगळे दिवस घाला. डोळा उघडला म्हणून चौथ्या दिवशी बंद करणं, हे पुन्हा आजारी पडण्याचं सगळ्यात साधं कारण.

घरी परतल्यावर स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर रविवारी वजन करा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर लगेच फोन. रोज सकाळी ११ वाजता दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढा. महिनाभराचे फोटो ओळीने लावले की दुखण्याची वेळ कळते. कात टाकल्यावर दोन दिवसांनी सूज येते का, फक्त दुपारी दिव्याखालीच डोळा मिटतो का, हे आठवणीवर विसंबून कधीच कळत नाही. एक अपेक्षा ठेवा: अस्तर सुधारायला काही आठवडे जातात. मधल्या काळात एखादा डोळा पुन्हा थोडा सुजला, तर नवी पूड बदलू नका, डोस वाढवू नका. दोन्ही डोळे मिटले किंवा सूज घट्ट झाली तरच पुन्हा तपासणी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक टीप, कारण हे वाचून कुणीतरी विचारणारच. शेताच्या बांधावर किंवा रस्त्यावर डोळे मिटलेला दिसणारा आपला घोयरा सरडा पाळीव नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो संरक्षित आहे. घरी आणून उपचार करू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी शॅमेलिऑन ज्यांच्याकडे आहेत त्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

आता मे महिन्याचं. मिस्टर आणि दिवे टायमरवर आधीच महिनाभर चालवून पाहा, म्हणजे बिघाड तुमच्यासमोर होईल. मल्टिव्हिटॅमिन निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही द्या आणि पुढचं परत आल्यावर; तीन आठवड्यांचं अंतर चालतं. सांभाळणाऱ्याच्या हातात तो डबा ठेवूच नका, त्याला फक्त साधं कॅल्शियम द्या. रोज ११ च्या ठोक्याला फोटो पाठवायला सांगा. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ असतात, जेवता जेवता पाहता येईल. पिंजऱ्यावर डॉक्टरांचा नंबर आणि एक वाक्य चिकटवा: दोन्ही डोळे दिवसभर मिटले तर आधी इथे फोन, मग मला. आणि निघण्याआधी फ्रीजमधल्या जुन्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या फेकून द्या. उघडून २८ दिवस झालेले थेंब तसेही वापरायचे नसतात, आणि बाटली दिसली की सांभाळणारा काळजीपोटी घालणारच.